डापाग्लिफ्लोझिन 10 मि.ग्रॅ.: ह्यांना पाच तारे, मला तीन

आमच्या घरात मधुमेहाची ही गोळी दोघंही घेतो. सकाळी चहाआधी एक ह्यांना, एक मला. 2020 मध्ये पेटंट संपलं आणि कितीतरी कंपन्यांच्या गोळ्या आल्या, तेव्हापासून खिशाला परवडते. साखर उतरली, वजनही थोडं उतरलं. ह्यांची तक्रार एकच, रात्री दोनदा उठावं लागतं.

माझं वेगळं. तिसऱ्या आठवड्यात खाली अशी खाज सुटली की बसवेना. सांगणार कुणाला? चार दिवस खोबरेल लावत बसले, शेवटी सुनेने ओढत बाईडॉक्टरकडे नेलं. बुरशीचा संसर्ग. ही गोळी जादा साखर लघवीवाटे बाहेर काढते आणि बुरशीला तेच हवं असतं! मलम आणि एका गोळीने आठवड्यात बरं वाटलं.

मग भिंग घेऊन माहितीपत्रक वाचलं. 10 मि.ग्रॅ.च्या चाचण्यांत हा त्रास बायकांत 6.9 टक्के, पुरुषांत 2.7. म्हणजे कंपनीला ठाऊक होतं. आमच्या डॉक्टरांनी मात्र दोघांना एकत्र बसवून "पाणी भरपूर प्या" एवढंच सांगितलं, तेही ह्यांच्याकडे बघून.

गोळी सोडलेली नाही. सुती कपडे, कोरडेपणा, स्वच्छता सांभाळते; पुन्हा त्रास नाही. दोन तारे कापलेत ते खरं तर न सांगितल्याबद्दल. आणि हो, पत्रकाची अक्षरं मुंगीएवढी आहेत.