टाऊ बीटा पाय: वर्षभर अध्यक्ष राहून दिलेले चार स्टार
इंजिनिअरिंगच्या मुलांची ही अमेरिकेतली जुनी ऑनर सोसायटी, म्हणजे अभ्यासात वरच्या क्रमांकावर असणाऱ्यांची संघटना, 1885 साली लीहाय विद्यापीठात सुरू झालेली. तिसऱ्या वर्षाला वर्गात वरच्या एक अष्टमांशात किंवा शेवटच्या वर्षाला वरच्या एक पंचमांशात असाल तर बोलावणं येतं. नुसतं बायोडेटात लिहायला हवं असेल तर तेवढंच मिळेल.

मी आमच्या शाखेचा अध्यक्ष होतो. वाटलं होतं, भाषणं ठोकायची. प्रत्यक्षात निम्मा वेळ गणपूर्तीसाठी वसतिगृहात दारं ठोकण्यात गेला! सगळीच हुशार, त्यामुळे प्रत्येकाचं आपलंच खरं. हुकूम सोडला की एकही जागचा हलत नाही. शेवटी पहिल्या वर्षाच्या मुलांच्या कॅल्क्युलसच्या शिकवणीला मीच फळा पुसायला जाऊन बसलो. तिसऱ्या आठवड्यापासून चौघं सभासद आपणहून यायला लागले.

सगळ्यात आवडला तो 'बेंट'. पुलाच्या आधाराच्या चौकटीसारखं हे सोसायटीचं चिन्ह. आमच्याकडे नव्या सभासदाच्या हातात त्याचं ओबडधोबड पितळी ओतकाम देतात. कानस, मग पॉलिश पेपर, चकाकेपर्यंत घासत बसायचं. माझी दोन नखं गेली. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "पितळ घासायला एवढ्या लांब गेलास? घरी देवाची भांडी आहेत की." पुढच्या पार्सलमध्ये चिवड्याच्या पिशवीखाली पितांबरीचं पाकीट निघालं. पुढच्या बॅचने तेच वापरलं.