घरात दिव्याखाली कोथिंबीर-मिरची: कोकोपीट घ्यावं की जिवंत माती?

एप्रिल लागला की धुळे-जळगावकडे गच्चीवरच्या बागेचं काही खरं नसतं. पारा ४४-४५ अंशांवर गेला की मिरचीची फुलं गळतात. कोथिंबिरीचं बी धड उगवत नाही आणि उगवलंच तर चार पानं होत नाहीत तोच फुलावर येतं. म्हणून हल्ली बरेच जण घरातली एखादी खोली मोकळी करून, एलईडी दिवा टांगून आतच काही लावायचं मनावर घेतात. त्यांच्या चौकशीला दिव्यापासून सुरुवात होते. दिवा चांगल्यापैकी कुठलाही घ्या, दोन्ही पद्धतींत तो सारखाच लागतो. फक्त कोथिंबिरीला बारा तासांच्या वर तो चालू ठेवू नका, लांब दिवस मिळाला की ती फुलायची घाई करते. अडतं ते कुंडीत काय भरायचं यावर. एकीकडे कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि पाण्यातून दिलेली विद्राव्य खतं, दुसरीकडे शेणखत-गांडूळखताने जिवंत केलेली माती. मी दोन्ही वापरून पाहिलं आहे, एक हंगाम तर एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली, शेजारी शेजारी.

कोकोपीटबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ते त्याला पात्र आहे. हलकं, स्वच्छ, वास नाही. पाच किलोची वीट भिजवली की साठ-सत्तर लिटर माल फुगून येतो आणि त्याच आठवड्यात बी टोकता येतं. खताची भाषाही खान्देशातल्या माणसाला नवी नाही. ज्यांच्या घरी केळीला ठिबकमधून १९:१९:१९, १२:६१:०० किंवा ००:५२:३४ सोडतात, त्यांना बादलीत ग्रॅमभर खत मोजून टाकायला शिकवावं लागत नाही. वीट आणल्यावर ती नीट धुवायची आणि कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवायची, एवढं पथ्य मात्र पाळावं. नारळाच्या भुशात सोडियम आणि पोटॅश चिकटून बसलेलं असतं. ते निघालं नाही तर झाडाला दिलेलं कॅल्शियम आधी भुसाच ओढून घेतो. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेटची खतं दाट द्रावणात एकत्र करू नयेत, तळाशी पांढरा साका बसतो, हेही ठिबकवाल्यांना सांगायची गरज नाही.

वाढ बघाल तर पहिले चार-सहा आठवडे कोकोपीट मातीला मागे टाकतं. मेथी तर डोळ्यांदेखत वर येते. झाडाला काय कमी पडलं ते तिसऱ्या दिवशी पानावर दिसतं आणि खत बदललं की आठवड्यात सुधारतं. ज्याला हातात सूत्रं ठेवायला आवडतं, त्याला ही पद्धत मनापासून पटेल.

जिवंत मातीत सूत्रं आपल्या हातात राहत नाहीत. आपण झाडाला जेवू घालत नाही, मातीतल्या जिवाणूंना, बुरशीला, गांडुळांना घालतो आणि झाडाचं ते बघतात. मिश्रण सोपं आहे: एक भाग पोयट्याची माती, एक भाग नीट कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग हवा खेळती ठेवणारं काहीतरी. शेवटच्या भागासाठी परलाइट विकत मिळतं. मी नवापूरकडून आणलेलं भाताचं तूस आणि विटांचे बारीक तुकडे वापरतो, काम तेच होतं. कुंडीऐवजी वापरायच्या पन्नास लिटरच्या पिशवीला चार मुठी निंबोळी पेंड आणि दोन मुठी हाडांचा चुरा. आपली काळी कापसाची माती मात्र कुंडीत भरू नये. शेतात तिच्यासारखी माती नाही, पण पिशवीत ती ओली झाली की फुगून हवा कोंडते आणि वाळली की कडेने भेग पडते. मग वरून घातलेलं पाणी त्या भेगेतून थेट खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात.

हे सगळं कालवून, ओलसर करून, महिनाभर मुरवत ठेवावं लागतं. पेंड कच्ची असते, ती कुजताना मिश्रण तापतं. त्यात लगेच रोप लावलं तर मुळं भाजतात. कोकोपीटवाल्याची पहिली मेथी ताटात येते तेव्हा मातीवाला अजून ताडपत्री उचलून वास घेत असतो. घाई असलेल्या माणसाला हा महिना जड जातो, हे मी मान्य करतो.

आता ज्या एका गोष्टीवर माझा निर्णय झाला, तिच्याबद्दल. ती गोष्ट म्हणजे पाणी. झाड किती पाणी पितं याचा हा प्रश्न नाही, मोरीत किती जातं याचा आहे.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. मधल्या दिवसांत बोअरवर भागवावं लागतं आणि बोअरचं पाणी जड. उकळलं की पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरणारं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर बुडवलं तर काटा आठशेच्या आसपास. ईसी म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता, क्षार जास्त तेवढी ती जास्त. आठशे म्हणजे ईसीच्या हिशोबात साधारण १.६. पालेभाजीला कोकोपीटमध्ये खतासकट ईसी १.२ ते १.८ पुरतो. म्हणजे खताचा एक कणही टाकण्याआधी पाण्याने जागा अडवलेली आणि ती अडवलेली कशाने, तर झाडाला एवढ्या प्रमाणात नको असलेल्या क्षारांनी. त्यावर खत घातलं की कोथिंबिरीच्या पानांच्या कडा तपकिरी पडतात. पिशवीच्या काठाला पांढरी खपली धरते, बोटाने खरवडली की मिठासारखी सुटते.

यावर उपाय आहे आणि तो पुस्तकात अगदी सरळ लिहिलेला असतो. दर वेळी पाणी घालताना दहा-वीस टक्के पाणी खालून वाहू द्या आणि अधूनमधून साध्या पाण्याने कुंडी पूर्ण धुऊन काढा. शिवाय या पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे कोकोपीटचा सामू (पीएच) वर चढतो, तो ५.८ ते ६.२ मध्ये ठेवायला दर बादलीत थेंब थेंब आम्ल टाकायचं. सामू चढला की मिरचीची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह मुळांशी असतं, पण झाडाला उचलता येत नाही. मीटर, आम्ल, बादली या सगळ्याची सवय होते. ती माझी तक्रार नाही.

तक्रार त्या वाहून जाणाऱ्या पाण्याची आहे. खाली ट्रेमध्ये साचलेलं खारट पाणी दुसऱ्या झाडाला चालत नाही, ते उचलून मोरीत ओतायचं. मे महिना, घरात पिंपं मोजून भरलेली, गल्लीत टँकरची वाट बघणारे लोक आणि मी बादली भरून पाणी ओततोय. आई दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "इतलं पानी मोरीमा जाई राह्यनं, भाऊ." तिच्यापुढे मला ईसीचा हिशोब मांडता आला नसता. कुणी म्हणेल, आरओचं पाणी घाला. पण घरगुती आरओ एक लिटर गोड पाणी देताना दोन-तीन लिटर खारं बाहेर टाकतो. फिरून प्रश्न तिथेच. तापी-गिरणेच्या काठावर, नळाला रोज गोडं पाणी असलेल्या घरात ही अडचण कदाचित जाणवणारही नाही. मला मात्र ती रोज सकाळी जाणवत होती.

जिवंत मातीत खालून पाणी वाहू द्यायचंच नसतं. वाफसा टिकेल एवढंच वरून द्यायचं, ट्रे कोरडा राहतो. मातीवर दोन-तीन बोटं जाड आच्छादन घातलं की कुलर चालू असलेल्या खोलीतही ओल टिकते. आच्छादनाला केळीची वाळलेली पानं चुरडून घ्या, भुईमुगाची टरफलं घ्या, तुरीचा भुसा घ्या. खान्देशात यातलं काही विकत आणावं लागत नाही. त्याच आकाराच्या कोकोपीटच्या पिशवीला जेवढं पाणी लागायचं, त्याच्या निम्म्याच्याही आत मातीची पिशवी भागते असं मला वाटतं. मोजून पाहिलेलं नाही, पण पिंप किती दिवस पुरतं ते घरात सगळ्यांना कळतं.

जड पाण्यातले क्षार मातीतही साचतात, ते कुठे जादूने नाहीसे होत नाहीत. सेंद्रिय पदार्थ भरपूर असल्यामुळे माती ते बराच काळ झेलते एवढंच. म्हणून मी नळाचं पाणी मातीसाठी राखून ठेवतो आणि रात्रभर उघडं ठेवून मग घालतो. क्लोरीन उडून जातं, मातीतल्या जिवांना त्रास होत नाही. पावसाळ्यात पागोळीचं पाणी धरून तेच देतो, किंवा एखादी पिशवी दोन दिवस अंगणात पावसात ठेवतो. ओली पिशवी उचलायला दोन माणसं लागतात, हेही आलंच.

वजन हा मातीचा खरा दोष आहे. लहान कुंडीत जिवंत माती जिवंत राहत नाही, चाळीस-पन्नास लिटरच्या खाली जाऊ नये असं माझं मत आहे आणि तेवढी ओली माती पन्नास किलोच्या पुढे भरते. एकदा जागा ठरली की ठरली. भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर, दर वर्षी खोली बदलणाऱ्याने हा विचार आधी करावा. दुसरा त्रास चिलटांचा. माती वरून सतत ओली राहिली की बारीक काळी चिलटं होतात आणि ती थेट चहाच्या कपावर येतात. पाणी कमी वेळा पण खोल द्यायचं, आच्छादनाखाली निंबोळी पेंड भुरभुरायची, पिवळे चिकट सापळे लावायचे. दोन-तीन आठवड्यांत ती आटोक्यात येतात, पूर्ण जात नाहीत.

आणि वास. नैसर्गिक शेतीवाले सुभाष पाळेकर यांचं जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र मुरवून केलेलं द्रावण, बाहेर उत्तम. दहा लिटर पाण्याला अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन, झाडाखालची मूठभर माती आणि रोज दोनदा ढवळणं. मातीला ते लागू पडतं यात मला शंका नाही. पण बंद खोलीत ते मुरवू नका. गच्चीवर, ओट्यावर सावलीत करा, दहापट पाणी घालून पातळ करा आणि दिवे बंद व्हायच्या वेळी थोडं थोडं घाला. सकाळपर्यंत वास जातो.

पहिली मिरची काढून झाल्यावर मी त्या पिशवीवरचं आच्छादन बाजूला सारून पाहिलं. केळीच्या पानाची फक्त जाळी उरली होती. त्याखाली पांढऱ्या बुरशीचे धागे मातीच्या ढेकळांना बांधून होते, बारीक पांढरे किडे उड्या मारत होते आणि मिरचीची केसासारखी मुळं मातीतून वर येऊन त्या कुजक्या पानात शिरली होती. वास पहिल्या पावसानंतरच्या बांधासारखा. ती माती मी फेकली नाही. जुनं झाड बुंध्याशी कापलं, मुळं आतच ठेवली, वर दोन मुठी गांडूळखत पसरलं आणि शेजारी पुढचं बी टोकलं. कोकोपीटलाही दुसऱ्यांदा वापरता येतं, पण ते धुऊन, मुळं वेचून. धुणं म्हटलं की पुन्हा पाणी आलं.

चवीबद्दल मी जपून बोलतो, कारण तिथे माणूस स्वतःच्या बाजूने झुकतो. कोकोपीटची कोथिंबीर दिसायला जास्त हिरवीगार होती. मातीची भरताच्या वांग्यावर घातली तेव्हा घरात वास आला. आमच्याकडे भरीत म्हणजे हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे आणि वरून कोथिंबीर, त्यामुळे हा फरक आम्हाला लगेच कळतो. दुसऱ्या कुणाला कळेल की नाही, सांगता येत नाही. जाता जाता, भरताचं वांगं स्वतः खोलीत लावायच्या फंदात पडू नका. त्या झाडाला जागा, ऊन आणि थंडीचे दिवस हवेत, ते शेतातलंच बरं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही त्या मातीच्या आणि तिथल्या हवेच्या जोरावर.

तेव्हा पहिल्यांदा लावणाऱ्याने काय करावं? तुमच्याकडे गोडं पाणी मुबलक असेल, भाजी महिनाभरात हवी असेल, घर भाड्याचं असेल आणि मोजमापात रमायला आवडत असेल, तर कोकोपीटने सुरू करायला माझी काही हरकत नाही. चांगली भाजी मिळेल. पण पाणी जड असेल, रोज येत नसेल, अधूनमधून दोन-तीन दिवस गावाला जावं लागत असेल, तर मातीकडे बघा. मे महिन्यात कोकोपीटची कुंडी दोन दिवस तशीच सोडून जाता येत नाही. आच्छादन घातलेली मोठी पिशवी माझ्या अनुभवात थांबते. आणि पैशाचं म्हणाल, तर पहिल्या वर्षी दोन्ही जवळपास सारखेच पडतात. दुसऱ्या वर्षी कोकोपीटला खतं आणि आम्ल पुन्हा लागतं, मातीला गांडूळखताची एक पिशवी.

माती घ्यायचं ठरलं, तर सुरुवात उन्हाळ्यात करू नका. आधीच तापलेल्या खोलीत पेंड कुजवणं म्हणजे वास आणि चिलटं दोन्ही वाढवून घेणं. पोळ्याच्या सुमारास मिश्रण कालवून ओलसर ठेवा, आठवड्यातून एकदा खालीवर करा. दसऱ्यापर्यंत आतली ऊब गेलेली असते. हात घालून पाहा, माती थंड लागली आणि शेणाचा वास उरला नसेल तर आधी मेथी टोका, ती चुकीला माफ करते. मिरचीची रोपं त्यानंतर लावली तरी चालतात. म्हणजे एप्रिल येईल तोवर माती एक-दोन पिकं काढून स्थिरावलेली असेल आणि कोथिंबिरीचं बी घालायचं ते तेव्हा, कुलर लावलेल्या त्या खोलीत, धणे हलक्या हाताने रगडून दोन फाकी करून.