फोन, लॅपटॉप आणि एकच यादी: आठ महिन्यांनंतर

मी काही फार शिस्तीची नाही. कागदावर कामांच्या याद्या करायचे आणि कागदच हरवायचे. म्हणून ॲप. अँड्रॉइड फोन आणि लिनक्सचा लॅपटॉप, दोन्हीकडे तीच यादी दिसावी एवढीच मागणी होती.

पहिले दोन महिने एक नावाजलेलं ॲप वापरलं. दिसायला देखणं. पण नेट नसताना टिक केलेलं काम लॅपटॉप उघडला की पुन्हा जिवंत! 'टुमॉरो' लिहिलं की तारीख आपोआप पडायची, 'उद्या' लिहिलं की ढिम्म. सोडताना कळलं की फक्त बाकी राहिलेली कामं बाहेर काढता येतात, झालेल्यांचा इतिहास तिथेच अडकला.

मग थेट दुसरं टोक गाठलं: टूडू डॉट टीएक्सटी. जीना ट्रापानी यांनी 2006 मध्ये मांडलेली ही पद्धत म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल. एका ओळीत एक काम, कंसातलं अक्षर म्हणजे प्राधान्य, काम झालं की ओळीच्या सुरुवातीला एक्स. ही फाइल सिंकथिंगने (दोन उपकरणांतल्या फायली सारख्या ठेवणारं ॲप) दोन्हीकडे ठेवली आणि खरंच प्रेमात पडले. फोनच्या बॅटरी सेव्हरने सिंक झोपवलं, तोवर. त्या वेळात मी दोन्हीकडे लिहिलं आणि दोन फायली झाल्या. सिंकथिंग काही हरवत नाही, दुसरी प्रत 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' असं नाव देऊन बाजूला ठेवतं. पण दोन्ही याद्या ओळीओळीने जुळवत बसायचं कोणी? चौथ्यांदा तसं झालं तेव्हा लक्षात आलं की दोष सिंकचा नाही, अख्खी यादी एकाच फायलीत असण्याचा आहे. फोनवर पहिली ओळ बदला आणि लॅपटॉपवर शंभरावी, तरी भांडण होणारच.

कॅलडॅव्हमध्ये (कॅलेंडर आणि कामं सर्व्हरमार्फत सिंक करायची ठरलेली पद्धत, याचं प्रमाण 2007 चं) नेमकं हेच टळतं. सर्व्हरवर प्रत्येक काम ही स्वतंत्र नोंद असते आणि प्रत्येकीच्या आवृत्तीची खूण वेगळी. दोन वेगवेगळी कामं दोन ठिकाणी बदलली तर ती एकमेकांच्या वाटेला जातच नाहीत. एकच काम दोन्हीकडे बदललं तर अडचण येऊ शकते, पण यादी एकट्याची असेल तर असं कितीदा होणार?

गेले पाच महिने जुन्या संगणकावर नेक्स्टक्लाउड (घरच्या घरी चालवता येणारा, कॅलडॅव्ह येणारा सर्व्हर) आणि फोनवर टास्क्स डॉट ऑर्ग वापरते आहे. या ॲपची कुळकथा मला आवडते. ॲस्ट्रिड नावाचं लोकप्रिय ॲप 2013 मध्ये याहूने विकत घेतलं आणि त्याच वर्षी बंद केलं. त्याचा कोड मात्र खुला होता, त्यातूनच हे उभं राहिलं. वंडरलिस्ट हे असंच दुसरं ॲप मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये घेतलं आणि 6 मे 2020 ला बंद झालं. तिथे वापरणाऱ्यांच्या हाती कोड नव्हता.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो पुन्हापुन्हा येणाऱ्या कामांचा. विम्याचा हप्ता ठरलेल्या तारखेलाच यायला हवा. पाण्याचा फिल्टर मात्र बदलल्या दिवसापासून तीन महिने मोजायला हवेत, नाहीतर उशिरा बदलला तरी पुढची आठवण आधीच्याच तारखेने येते. टास्क्स डॉट ऑर्गमध्ये दोन्ही पर्याय आहेत. पण मुळात कॅलडॅव्हमध्ये कामं ज्या स्वरूपात लिहिली जातात त्या आयकॅलेंडरच्या प्रमाणात 'काम झाल्यापासून' असं लिहायची सोयच नाही. त्यामुळे असली कामं मी फक्त फोनवरच टिक करते.

खटकतं ते असं: लॅपटॉपवर उपकामं मूळ कामाखाली न दिसता सगळ्या यादीत विखुरतात. बॅटरी सेव्हरमधून ॲपला सूट द्यायला विसरलात तर आठवणी उशिरा येतात. सर्व्हर बसवायला माझा अख्खा रविवार गेला, आणि ज्यांना त्यात रस नाही त्यांनी या वाटेला जाऊच नये. तयार कॅलडॅव्ह सेवा मिळतात, त्यातली एखादी घ्यावी.

'सर्व्हरचा बॅकअप' हे काम माझ्या यादीत दर पंधरा दिवसांनी येतं. सध्या तिसऱ्यांदा पुढे ढकललंय.