ईएमडीआर, एक्स्पोजर की सीपीटी? ट्रॉमासाठी थेरपी निवडताना

ट्रॉमासाठी, म्हणजे मनावर झालेल्या मोठ्या आघातासाठी, मदत घ्यायची असं ठरवून माणूस सर्च करायला बसला की अर्ध्या तासात डोकं गरगरायला लागतं. ईएमडीआर, सोमॅटिक, एक्स्पोजर, सीपीटी, त्यात वर एमडीएमए या नशेच्या गोळीने उपचार करण्याच्या बातम्या, आणि प्रत्येक जण सांगतो की खरं बरं करणारी आमचीच. मला वाटतं थेरपीचं नाव नंतर, आधी स्वतःला विचारा की रोज नक्की काय छळतंय. तो प्रसंग डोळ्यासमोर परत परत येतोय, की त्याच्या भीतीने तुम्ही जाणं-येणंच सोडलंय, की "माझंच चुकलं" हे मनातून जातच नाहीये? बऱ्याच जणांना थोडं थोडं तिन्ही असतं, पण एक काहीतरी जास्त असतंच, आणि निवड तिथून सुरू करावी.

ईएमडीआर १९८७ मध्ये अमेरिकेत फ्रान्सिन शपिरो यांनी सुरू केलं. आठवणीतलं सगळ्यात वाईट चित्र मनात धरायचं आणि त्याच वेळी थेरपिस्टच्या बोटांमागे डोळे डावी-उजवीकडे फिरवायचे, काही जण डोळ्यांऐवजी हातांवर आळीपाळीने टॅपिंग करतात. मधेमधे थांबून विचारतात की आता मनात काय येतंय, त्रास ० ते १० मध्ये किती. एकूण आठ टप्पे आहेत आणि त्यातले पहिले दोन हिस्टरी घेण्यात आणि स्वतःला शांत कसं करायचं ते शिकण्यात जातात, त्यामुळे पहिल्याच भेटीत कुणी डायरेक्ट बोटं फिरवायला लागलं तर मी तरी तिथून उठेन. मोठा फायदा हा की सगळा प्रसंग तपशीलवार बोलून दाखवावा लागत नाही आणि घरी करायचं काम फारच कमी. ज्यांच्यावर लैंगिक अत्याचार झालेत, किंवा त्रास देणारा घरातलाच माणूस होता, त्यांच्या तोंडातून कित्येकदा शब्दच निघत नाहीत, कारण तो माणूस अजून लग्नाकार्यात समोर येत असतो. अशांसाठी हा फायदा खरंच मोठा आहे. डोळे फिरवून नक्की काय होतं यावर संशोधकांचं अजून भांडण आहे. एक स्पष्टीकरण असं की दोन कामं एकदम करताना मेंदूला आठवण पूर्ण जोराने धरून ठेवता येत नाही आणि तिची धार कमी होते. पण उपयोग होतो याला पुरावा चांगला आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी (आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी) ईएमडीआर आणि ट्रॉमावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारी थेरपी) दोन्ही सुचवलेत.

आता एक्स्पोजर, म्हणजे एड्ना फोआ यांची प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर पद्धत. इथे बोलावंच लागतं. डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात सांगायचा, परत सांगायचा, त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं, आणि जे जे टाळताय त्याची यादी करून सोप्यापासून अवघडाकडे जायचं. साधारण ८ ते १५ सेशन, बहुतेक वेळा दीड तासाची. समजा एक्सप्रेसवेवर मोठा ॲक्सिडेंट झाला आणि त्यानंतर तुम्ही घाटातून जाणं, मग गाडी चालवणं, मग गाडीत पुढे बसणं असं एकेक सोडत गेलात, तर मी सरळ हीच पद्धत सुचवेन, कारण टाळणं जितकं वाढतं तितकी भीती पक्की होते आणि ही थेट त्याच्यावरच काम करते. अवघड आहे, यात शंका नाही, सुरुवातीचे आठवडे झोप बिघडू शकते, काही जण मधेच सोडतात. घरात रेकॉर्डिंग ऐकायला एकांत मिळतो का हेही बघा, दोन खोल्यांत सहा माणसं असतील तर हा प्रश्न खराखुरा आहे, थेरपिस्टला आधीच सांगून ठेवा.

सीपीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, ही पॅट्रिशिया रेसिक यांची, साधारण १२ सेशनची. हिचा रोख त्या प्रसंगातून तुम्ही काढलेल्या अर्थावर असतो. दरड कोसळली, घरची माणसं गेली आणि मी वाचलो, म्हणजे मी नालायक. त्या दिवशी मी तिला एकटीला पाठवलं, म्हणजे दोष माझा. असे अडकून बसलेले विचार कागदावर उतरवायचे आणि एकेक तपासायचे, त्या क्षणी तुम्हाला खरंच काय माहीत होतं, दुसरं काय करता आलं असतं, हात उगारणाऱ्याची जबाबदारी तुम्ही स्वतःवर का घेतली. अपराधीपणा आणि शरम हे मुख्य दुखणं असेल तर माझा कौल इथेच. प्रसंगाचा तपशील न लिहिताही ही थेरपी करता येते, आणि व्हिडिओ कॉलवरही चांगली चालते, म्हणजे तालुक्याच्या गावात ट्रेन्ड माणूस नसला तरी रस्ता बंद होत नाही. फक्त लिहिण्याचं काम भरपूर आहे, आणि वर्कशीट इंग्लिशमध्ये दिली तर मराठीत लिहीन असं स्पष्ट सांगा, मनातलं आपल्या भाषेत जसं निघतं तसं परक्या भाषेत निघत नाही.

सोमॅटिक एक्स्पिरिअन्सिंग, पीटर लव्हीन यांची शरीरातल्या संवेदनांवर काम करणारी पद्धत, खूप लोकांना भावते आणि ते मला समजतं, कारण आघातानंतर छातीवरचं ओझं, आवळलेला जबडा हे खरंच असतं. २०१७ मध्ये इस्राएलमधली ६३ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली, निकाल आशादायक होता, पण वरच्या तिघींच्या तुलनेत पुरावा अजून थोडाच आहे. म्हणून पहिली निवड म्हणून नको, सोबत जोडायला चालेल.

एमडीएमएचं मात्र इथे कुणी देतो म्हटलं तर जाऊ नका. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना परवानगी दिली, पण अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने ऑगस्ट २०२४ मध्ये अर्ज मंजूर केला नाही आणि आणखी एक मोठी चाचणी मागितली. आपल्याकडे हे अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं, शिवाय गोळी शुद्ध आहे का, तुमच्या हृदयाला झेपेल का, हे बघायला तिथे कुणी नसतं.

एक गोष्ट या सगळ्याच्या आधीची. मारहाण करणाऱ्याच्याच घरात अजून राहात असाल, रोज दारू लागत असेल किंवा जीव द्यायचे विचार येत असतील तर आठवणी उघडायची घाई नको, आधी सुरक्षितता आणि डॉक्टर. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि थेरपिस्ट निवडताना लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन विचारा, नुसतं काउन्सेलर असं कुणीही लावू शकतं. या पद्धतीचं ट्रेनिंग कुठे घेतलं, ते वीकेंड वर्कशॉप होतं की त्यानंतर सुपरव्हिजनखाली केसेस केल्या, साधारण किती सेशन लागतील, आणि पाच-सहा सेशननंतर फरक पडतोय की नाही हे आपण दोघं कशावरून ठरवणार, एवढं पहिल्याच भेटीत विचारा. नीट शिकलेला माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. आणि सीपीटी हवी असताना गावात चांगला माणूस फक्त ईएमडीआरवाला मिळाला, तर त्याच्याकडेच जा, महिनोन्‌महिने वाट बघत बसू नका, पुराव्याच्या दृष्टीने दोघींत एवढं मोठं अंतर नाहीये.