जोडी म्हणून विकलेली सुटी बेअरिंग

बॉलस्क्रू (आटे असलेला लांब दांडा) स्थिर ठेवून त्यावरचा बॉलनट फिरवणारं मशीन कुणी करत असेल, तर बेअरिंग घेण्याआधी हे वाचा. मॅच केलेल्या, म्हणजे कंपनीत एकमेकींना जुळवलेल्या जोडीच्या नावाखाली सुटा माल खपवला जातोय.

कुपवाड एमआयडीसीत माझा छोटा गाळा आहे. लाकूडकामासाठी तीन मीटर बेडचा राउटर (कोरण्या-कापण्याचं मशीन) करत होतो. एवढ्या लांबीचा 25 मिमीचा बॉलस्क्रू साडेतीनशे-चारशे आरपीएमच्या पुढं फिरवला की मधे झोके खायला लागतो. 5 मिमी लीडला (एका फेऱ्यात सरकणारं अंतर) म्हणजे मिनिटाला दोन मीटरचीही गती मिळत नाही. म्हणून स्क्रू दोन्ही टोकांना आवळून ठेवायचा आणि बेल्टनं नट फिरवायचा. माझ्या नटाचं अंग 40 मिमीचं, त्यामुळं 7008 अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंग (आडवा आणि लांबीच्या दिशेचा, दोन्ही जोर घेणारी), 40 बाय 68 बाय 15 मिमी, दोन पाठीला पाठ. बेल्टची ओढ आणि गॅन्ट्रीचा (कटर वाहणाऱ्या सरकत्या पुलाचा) मागचा-पुढचा जोर, दोन्ही त्यांच्यावरच येतात.

पाठीला पाठ बसणाऱ्या जोडीच्या कडा कंपनीत मायक्रॉनमध्ये घासलेल्या असतात. लॉकनट (बेअरिंग घट्ट धरणारा नट) आवळला की आतल्या रिंगा एकमेकींना टेकतात तेव्हाच बॉलवर ठरलेला दाब आलेला असतो. जास्तीचे पैसे या घासाईचे. सांगलीतल्या विक्रेत्यानं साडेनऊ हजार घेतले आणि वर म्हणाला, "मालक, कंपनीतनं जुळवून आलेली जोडी आहे. डोळे झाकून बसवा, स्पेसरबिसर काही लागत नाही." स्पेसर म्हणजे दोन बेअरिंगच्या मधे घालायची रिंग.

हाउसिंग (बेअरिंग बसायचं घर) बोअर झालं, सगळं बसलं, आणि दिशा बदलली की गॅन्ट्री झटका द्यायची. जो तो नटाला दोष देत होता. नटात मोठे बॉल भर, असाही सल्ला मिळाला. मी डायलचा (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या गेजचा) स्टँड हाउसिंगवरच लावला, टोक नटाच्या फ्लँजवर टेकवलं आणि गॅन्ट्री हातानं ढकलली-ओढली. काटा चार शतांश मिमी हलला. स्क्रूचा यात संबंधच नव्हता, नट हाउसिंगमध्येच मागं-पुढं होत होता. लॉकनट आणखी आवळून फरक शून्य, कारण आतल्या रिंगा आधीच टेकल्या होत्या आणि बॉल सैलच होते.

बेअरिंग काढून सरफेस प्लेटवर घेतली. बाहेरची रिंग टेकवून आतल्या रिंगेवर वजन ठेवलं आणि दोन्ही कडांवरून डायल फिरवला. जुळवलेल्या बेअरिंगच्या कडा ठरलेल्या दाबाला बरोबरीत येतात. इथं दोघांचा हिशेब वेगवेगळा. बाहेरच्या अंगावर जोडीची 'व्ही' खूण होती, पण दोन्ही एकावर एक ठेवल्यावर रेघा जुळेनात. कोरणी पेननं हातानं ओढलेल्या असाव्यात. डबेही दोन वेगळे होते.

विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: "तुमचं फिटिंग चुकलं." बिल दाखवलं तर त्यावर फक्त 'बेअरिंग 40x68x15, 2 नग'. नंबर नाही, जोडीचा उल्लेख नाही, अचूकतेचा क्लास नाही. ही मोघम ओळ म्हणजे त्याची ढाल. बिलावर पूर्ण नंबर, मागची डीबी (पाठीला पाठ जोडी) किंवा युनिव्हर्सलची (कशीही जोडता येणारी) अक्षरं आणि 'मॅच्ड पेअर' हे शब्द लिहून घेतल्याशिवाय पैसे सोडू नका. खोक्याचा संशय आला तर एसकेएफचं ऑथेंटिकेट, शेफ्लरचं ओरिजिनचेक अशी कंपन्यांची ॲपही आहेत.

काम अडलं होतं म्हणून मी मिरजेत ग्राइंडिंग करून दोन स्पेसर केले, आतला बाहेरच्यापेक्षा पाच शतांश मिमीनं आखूड. झटका गेला. तासभर पळवल्यावर हाउसिंग कोमट लागतं, तेवढं चालतं.

पैशांसाठी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे. धंद्यासाठीची खरेदी ग्राहक कायद्यात बसत नाही असं विक्रेता ऐकवतो. पण 2019 च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या मालाला सूट आहे, आणि गाळ्यात काम करणारा मी एकटाच. तिथं निकाल लागला नाही तर जिल्हा आयोगात जाणार. व्हीच्या रेघांचे फोटो आणि डायलचा व्हिडिओ काढून ठेवला आहे.