पाठीवर ‘कुबो’, खाली १४

आधी व्यवहाराचं सांगते. बिल्ला नसलेली, निळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची जर्सी ४२० रुपये, पाठीवर नाव आणि नंबर छापायचे २५०. गुरुवारी देतो म्हणाले आणि दिली शनिवारी. फोनही मलाच करावा लागला. टिळक रोडच्या आतली गल्ली, गाडी लावायला जागा नाही, मी सारसबागेपाशी लावून चालत गेले. एवढं असूनही जर्सीवर नाव छापून देणाऱ्या या दुकानाला पाच तारे देतेय.

माझा धाकटा तेरा वर्षांचा आहे. फुटबॉल खेळतो, डाव्या पायाने, विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेने. यंदा त्याच्या नोंदणीच्या फॉर्मवर जन्मतारीख चुकीची भरली गेली. फॉर्म आम्ही भरला नव्हता. दुरुस्ती होईपर्यंत मुदत संपली आणि सीझनभर एकही मॅच खेळता येणार नाही असं कळलं. तो सरावाला रोज जातो. रविवारी टीमबरोबर मैदानावर जातो, सगळ्यांच्या बाटल्या भरून ठेवतो आणि लाइनच्या बाहेर बसतो. घरी आला की बोलत नाही. आईला हे बघवत नाही.

वाढदिवसाला काय हवं विचारलं तर म्हणाला, कुबोची जर्सी, म्हणजे त्याच्या आवडत्या जपानी फुटबॉलपटूची, नाव मराठीत. आधी एकदा ऑनलाइन मागवली होती, तिची अक्षरं तिसऱ्या धुण्यात सोलून निघाली. म्हणून या वेळी दुकानातच गेलो.

काउंटरवरच्या काकांनी कॉम्प्युटरवर ‘कूबो’ टाइप केलं. मी चाकणच्या कंपन्यांसाठी जपानी कागदपत्रांची भाषांतरं करते, त्यामुळे राहवलं नाही. म्हटलं, काका, ऱ्हस्व करा, जपानीत तो ‘कु’ आखूडच आहे. ऱ्हस्व केला तर उकाराचं शेपूट खालच्या १४ मधल्या एकाच्या डोक्यावर टेकायला लागलं. दुसरा कुणी ‘चालतंय ताई’ म्हणाला असता. काकांनी नंबर अर्धा इंच खाली घेतला, मग पूर्ण नाव वर सरकवलं, मग शिरोरेखा जरा जाड केली, कारण बारीक राहिली तर धुताना आधी तीच सुटते. पांढरी अक्षरं पांढऱ्या पट्ट्यात हरवतील म्हणून गडद निळा विनाइल, म्हणजे अक्षरं कापायचा प्लॅस्टिकचा पातळ पत्रा, काढला. मशीनने कापलेल्या तुकड्यातून नको असलेला भाग चिमट्याने सोलून काढायला बसले, आणि मान वर न करता मुलाला विचारलं, “हा कुबो कोण रे बाळा? मला क्रिकेटच माहीत.”

आणि माझा मुलगा बोलायला लागला. कित्येक आठवड्यांनी.

ताकेफुसा कुबो जपानमधल्या कावासाकीचा. दहा वर्षांचा असताना, २०११ मध्ये, थेट स्पेनमध्ये, बार्सिलोना क्लबच्या अकादमीत गेला. पण अठरा वर्षांखालच्या मुलाला परदेशातल्या क्लबने घ्यायचं नाही, काही मोजके अपवाद सोडले तर, असा फिफाचा, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा, नियम आहे. क्लबने तो मोडला असं ठरलं आणि मुलांचे सामने बंद झाले. “त्याची काय चूक?” काकांनी विचारलं. “काहीच नाही,” हा म्हणाला. नियम मुलांच्या संरक्षणासाठी आहे हे मला पटतं, पण त्याचा तो ‘काहीच नाही’ माझ्या पोटात गेला.

२०१५ मध्ये कुबो जपानला परतला, एफसी टोकियो क्लबच्या युवा संघात. नोव्हेंबर २०१६ मध्ये टोकियोच्या २३ वर्षांखालच्या संघातून जे-३ लीगमध्ये, म्हणजे जपानच्या व्यावसायिक जे-लीगच्या तिसऱ्या श्रेणीत, उतरला तेव्हा तो १५ वर्षं ५ महिन्यांचा होता. इतक्या लहान वयात जे-लीगमध्ये त्याआधी कुणीच खेळलं नव्हतं. पुढच्या एप्रिलमध्ये गोलही केला. जून २०१९ मध्ये, अठरा पूर्ण झाल्यावर पाचव्या दिवशी, देशाकडून खेळला. त्याच महिन्यात स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबने घेतलं.

“मग झालं की सगळं,” काका म्हणाले.

नाही झालं. माद्रिदच्या पहिल्या संघाकडून अधिकृत सामना एकही मिळाला नाही. मायोर्का, व्हियारेआल, खेताफे, पुन्हा मायोर्का, असे स्पेनमधलेच दुसरे क्लब, सगळं लोनवर, म्हणजे उसना दिलेला. २०२२ मध्ये निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सीच्या रेआल सोसिएदाद क्लबने घेतलं, पाठीवर १४ नंबर. त्यांच्यासाठी लीगमधल्या पहिल्याच सामन्यात कादिझविरुद्ध गोल केला आणि संघ त्या एका गोलवर जिंकला. हे सांगताना मुलगा स्टुलावरून उठून उभा राहिला होता.

काकांनी मध्ये एकदाही घाई केली नाही. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना “पाच मिनिटं हं” म्हणाले. जर्सी छाप चिकटवणाऱ्या गरम प्रेसखाली नेमकी कशी ठेवायची हे दाखवायला त्यांनी शनिवारी मुलालाच आत बोलावलं. यंत्रावर १५० अंश आणि १५ सेकंद लावलेले होते. कापड जास्त तापलं तर पॉलिस्टरवर चकाकणारा चौकोन उमटतो म्हणून वर पातळ कागद टाकला. वरची प्लॅस्टिकची फिल्म गार झाल्यावरच ओढायची, तीही मुलाला ओढू दिली, उकाराच्या टोकाकडून, हळूहळू.

एक दिवस धुवायची नाही, मग उलटी करून गार पाण्यात, पिळायची नाही आणि छापावर इस्त्री अजिबात नाही. आमची सात वेळा धुऊन झाली. शिरोरेखा जागेवर आहे, उकाराचं टोकही.

परवाच्या रविवारी तो ती घालूनच बाटल्या भरत होता. टीमच्या सोळा जर्सी करायच्या आहेत असं कोचसरांच्या कानावर घातलं आहे आणि काकांकडे ५०० रुपये आगाऊ ठेवून आले आहे.