मेंटमोर आणि टिंट्सफिल्ड : विक्रीचे दोन मार्ग

इंग्लंडमधील एखादा ऐतिहासिक वाडा वनराईसह विक्रीला निघतो, तेव्हा तो आतील वस्तूंसह अखंड राखावा की सुटासुटा विकावा, हा खरा प्रश्न असतो. बकिंगहॅमशायरमधील मेंटमोरचा वाडा कलासंग्रहासह सुमारे 20 लाख पौंडांना घेण्याचा प्रस्ताव सरकारने नाकारला. 1977 च्या लिलावात नुसत्या वस्तूंचेच 60 लाखांहून अधिक पौंड आले, पण संग्रह कायमचा विखुरला. त्यात दुसऱ्याच चित्रकाराच्या नावावर 8,000 पौंडांना गेलेले एक चित्र अठराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार फ्रागोनार यांचे निघाले आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीला ते कितीतरी पट किंमत मोजून घ्यावे लागले. रिकामा वाडा पुढे महर्षी महेश योगी यांच्या संस्थेने घेतला.

याउलट, ब्रिस्टलजवळील टिंट्सफिल्ड हा वाडा 2002 मध्ये वारसास्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने घेतला, तेव्हा मेंटमोरच्या धक्क्यानंतर 1980 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वारसा निधीने 1.74 कोटी पौंड दिले. तेथील खासगी प्रार्थनामंदिर, ग्रंथालय, अगदी स्वयंपाकघरातील भांडीसुद्धा जागच्या जागी राहिली, म्हणून हाच मार्ग मला निःसंशय श्रेयस्कर वाटतो. मात्र तो खर्चिक आहे: छपराच्या दुरुस्तीसाठी अख्ख्या वाड्यावर परांची बांधून तात्पुरते आच्छादन घालावे लागले.